'तुमच्यावर सोपवले!'

नेहमीच्या कोळिणीकडे मासे घ्यायला गेलेल्या गृहिणीला एक अनुभव हमखास येतो. मनात पापलेट योजून ती बाजारात गेलेली असते, पण टोपलीत हात घालण्यापूर्वीच कोळीण सांगते, "ताई, आज पापलेट राहू द्या, बर्फातलं आहे. हलवा न्या, आत्ताच उतरलाय." वर्षानुवर्षांची ओळख असेल तर गृहिणी वाद घालत बसत नाही, हलवा घेऊन घरी येते. या लहानशा व्यवहारात निवड ग्राहकाने केलेली नसते, विक्रेत्याने केलेली असते. तरीही आपला काही हक्क हिरावला गेला, असे तिला वाटत नाही. उलट कोणीतरी आपल्या जेवणाची काळजी वाहिली, याचे समाधानच वाटते.

हे नाते जपानी माणसाने एका शब्दात बसवले आणि त्या शब्दाभोवती एक अख्खी भोजनपद्धती उभी केली. तो शब्द म्हणजे 'ओमाकासे'. 'माकासेरु' या क्रियापदाचा अर्थ सोपवणे, हवाली करणे. 'ओ' हा आदरार्थी उपसर्ग. सुशीच्या दुकानात लाकडी फळीपुढे बसून "ओमाकासे" म्हणणे म्हणजे, "आज काय खायचे ते तुम्हीच ठरवा, मी तुमच्यावर सोपवले," असे सांगणे होय.

टोकियोच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तीत मराठी कुटुंबेही आहेत. नोकरीनिमित्त तेथे गेलेली मुले आई-वडिलांना बोलावून घेतात आणि वडिलांची एकसष्टी किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करण्यासाठी 'एकदा तरी खरी सुशी' असा बेत ठरतो. मग प्रश्न पडतात. समोर मेनू कार्ड नाही, पदार्थांची नावे अनोळखी, मासा कच्चा, आणि माणशी खर्च महिन्याच्या वाणसामानाएवढा. अशा जेवणाचा आनंद घ्यायचा तर आपण नेमके काय सोपवतो, कोणाच्या हाती सोपवतो आणि त्या बदल्यात आपल्याकडून कोणती अपेक्षा असते, हे आधी समजून घेतलेले बरे.

तीन वाटा

सुशीच्या दुकानात जेवण मागवण्याचे तीन परंपरागत प्रकार आहेत. पहिला 'ओकोनोमी', म्हणजे आपल्या आवडीप्रमाणे एकेक सुशी सांगत जाणे. यासाठी माशांची आणि ऋतूंची जाण हवी, शिवाय खिसाही खोल हवा; कारण अनेक जुन्या दुकानांत भावाच्या जागी 'जिका', म्हणजे 'आजचा बाजारभाव', एवढेच लिहिलेले असे. बिल हाती पडेपर्यंत गिऱ्हाईकाच्या जिवाला घोर! दुसरा प्रकार 'ओकिमारी', म्हणजे ठरलेले ताट. साधे, वरच्या दर्जाचे आणि खास अशा प्रतवारीने ते मिळते. किंमत आधी कळते, पदार्थही आधी कळतात. आपल्याकडच्या 'राइस प्लेट'ला जवळचा असा हा मामला.

तिसरा प्रकार ओमाकासेचा. येथे किंमत बहुधा आधी ठरलेली असते, पदार्थ मात्र ठरलेले नसतात. त्या दिवशी बाजारात काय उत्तम आले, पाहुण्याची भूक किती, त्याला काय रुचले, हे पाहत सुशी बनवणारा पुढची सुशी ठरवतो. अर्थात आज जगभरच्या अनेक दुकानांत ओमाकासेच्या नावाखाली आधीच पक्का केलेला क्रम सर्वांना सारखाच वाढला जातो. त्यात गैर काही नाही. परंतु शब्दाचा मूळ अर्थ त्याहून मोठा आहे. समोरच्या माणसाकडे पाहून जेवण घडवणे, हा त्याचा गाभा होय.

गाडीवरचा खाऊ

आज राजेशाही वाटणाऱ्या या जेवणाचे मूळ मात्र रस्त्यावरचे आहे. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा, ही आशियातील भातशेतीच्या प्रदेशातली मासे टिकवण्याची जुनी रीत. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात 'फुनाझुशी' या नावाने ती अजूनही जिवंत आहे. त्या काळी खायचा तो मासा. आंबून लगदा झालेला भात बहुधा टाकून दिला जाई. पुढे भातालाच शिरका, म्हणजे व्हिनेगर, लावून आंबटपणा आणण्याची युक्ती निघाली आणि महिन्यांचे काम तासांवर आले.

आज आपण जिला सुशी म्हणतो ती, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाची चकती असलेली 'निगिरी', एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात रूढ झाली. एदो म्हणजे आजचे टोकियो. तिच्या प्रसाराचे श्रेय हानाया योहेई (१७९९-१८५८) या विक्रेत्याला दिले जाते. कारागीर, हमाल आणि व्यापारी यांनी गजबजलेल्या त्या महानगरात लोकांना उभ्याउभ्या, झटपट खाता येईल असे काहीतरी हवे होते. गाडीवर मिळणारी ती सुशी आजच्या दुप्पट-तिप्पट आकाराची असे. मुंबईच्या गिरणगावात वडापावचे जे स्थान, तेच एदोत सुशीचे होते म्हणा ना!

बर्फ आणि शीतकपाटे नसलेल्या त्या काळात मासा टिकवण्यासाठी त्याला मीठ-शिरका लावणे, सोया सॉसमध्ये मुरवणे, मंद शिजवणे किंवा 'कोंबु' या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत दाबून ठेवणे, असे उपाय केले जात. गरजेतून जन्मलेल्या या क्रियांनी माशाची चव खुलते, हे ध्यानात आले आणि शीतकपाटे आल्यावरही त्या टिकून राहिल्या. त्यांनाच 'एदोमाए' पद्धत म्हणतात. एदोमाए म्हणजे 'एदोच्या समोरचा', अर्थात टोकियोच्या उपसागरातला मासा.

१९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियोतील अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची ही पद्धत जपानभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईच्या काळात, १९४७ साली, उपाहारगृहांवर कडक निर्बंध आले. तेव्हा सुशीवाल्यांनी एक तोड काढली. गिऱ्हाईकाने आपल्या शिध्यातला एक 'गो', म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, तांदूळ आणायचा आणि करणावळ देऊन त्याच्या दहा सुशी बनवून घ्यायच्या. सुशीचा आजचा आटोपशीर आकार रूढ होण्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. पुढे स्वच्छतेच्या नियमांमुळे गाड्या मागे पडल्या, दुकाने आली. पण मधली फळी तेवढी राहिली. बनवणारा आणि खाणारा समोरासमोर, हातभर अंतरावर, ही गाडीवरची जवळीक त्या फळीने जपली. ओमाकासे शक्य झाले ते या जवळिकीमुळेच.

फळीपलीकडचा माणूस

सुशी बनवणाऱ्याला जपानीत 'इतामाए' म्हणतात. शब्दशः अर्थ 'फळीसमोरचा'. 'भात शिजवायला तीन वर्षे, सुशी वळायला आठ वर्षे' अशी एक म्हण या व्यवसायात प्रचलित आहे. आजकाल काही महिन्यांत सुशी शिकवणाऱ्या शाळाही निघाल्या आहेत आणि या म्हणीवर तेथे वादही झडतात. परंतु म्हणीचा रोख भाताकडे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या भाताला 'शारी' म्हणतात. आखूड दाण्याचा तांदूळ शिजवून त्याला शिरका, मीठ आणि बहुधा थोडी साखर लावतात. तो गारही नको आणि गरमही नको, अंगाइतपत कोमट हवा. मुटका बोटांत धरला तर सुटू नये आणि तोंडात गेल्यावर मात्र दाणा न् दाणा मोकळा व्हावा. भातावरच्या माशाला 'नेता' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकून गंमत वाटेल. पण जाणकार सांगतात की, सुशीची परीक्षा नेत्यावरून नव्हे तर भातावरून होते!

'मासा जितका ताजा तितकी सुशी चांगली' हा समजही अर्धाच खरा आहे. नुकत्याच मारलेल्या माशाचे मांस घट्ट असते, त्याची चव मात्र पुरती उमललेली नसते. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतील घटकांचे विघटन होऊन चव देणारे द्रव्य तयार होते. त्याला वेळ लागतो. म्हणून मोठा ट्यूना, आपल्याकडच्या कुप्याचा हा दांडगा भाऊबंद, कित्येक दिवस थंडाव्यात मुरवत ठेवतात. उलट काही शिंपले अगदी जिवंत असतानाच उघडावे लागतात. कोणता मासा आज द्यायचा आणि कोणता परवासाठी राखायचा, हा निर्णय गिऱ्हाईक घेऊ शकत नाही. ओमाकासेचे पहिले समर्थन हेच.

दुसरे समर्थन त्याहून महत्त्वाचे आहे. इतामाए स्वतःही दुसऱ्यावर सोपवतच आलेला असतो. टोकियोचा प्रसिद्ध त्सुकिजी घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसु येथे हलवण्यात आला. तेथे पहाटे ट्यूनाचा लिलाव होतो. बोली लावणारे दलाल शेपटीजवळचा छेद पाहून, मांस बोटांनी चोळून, चरबीचा अंदाज घेतात. कोणी केवळ ट्यूनाचा जाणकार, कोणी कोळंबीचा, कोणी वामेचा. त्यांच्याशी इतामाएचे वर्षानुवर्षांचे संबंध असतात आणि 'आज हा न्या, तो नको' हा त्यांचा शब्द तो मानतो. त्या दलालाच्या मागे मच्छीमार उभा असतो. पकडलेला मासा तडफडू न देता मेंदूत टोचा मारून क्षणात शांत करायचा, रक्त काढून टाकायचे, या 'इकेजिमे' पद्धतीने मासा नीट हाताळला गेला नसेल, तर पुढे कितीही निष्णात हात लागला तरी चव परत येत नाही. थोडक्यात, फळीपुढे बसून आपण एकटा शेफच नव्हे, तर विश्वासाची एक अख्खी साखळी पत्करत असतो.

आणि या साखळीची पहिली कडी समुद्र. प्रशांत महासागरातील ब्लूफिन ट्यूनाची संख्या अतिमासेमारीमुळे २०१० च्या सुमारास अगदी तळाला गेली होती. आंतरराष्ट्रीय मर्यादा लादल्यावर, विशेषतः लहान माशांची पकड निम्म्यावर आणल्यावर, ती सावरू लागली आणि २०२४ च्या शास्त्रीय मूल्यमापनात ठरवलेले उद्दिष्ट मुदतीपूर्वीच गाठल्याचे दिसून आले. समुद्र देतो ते आणि देतो तेव्हाच घ्यायचे, ही ओमाकासेची मूळ वृत्ती. ती पाळली नाही तर साखळी कोठे तुटते, हे या उदाहरणावरून कळते.

जेवणाची चढण

प्रत्यक्ष जेवण साधारण दीड-दोन तासांचे असते. अनेक ठिकाणी आरंभी माशाचे लहान लहान पदार्थ येतात: वाफवलेला शिंपला, भाजलेला तुकडा, नुसत्या कच्च्या माशाच्या चकत्या. मग एकेक करून बारा-पंधरा किंवा अधिक निगिरी. सर्वत्र एकच नियम नाही, तरी सर्वसाधारण क्रम सौम्य चवीकडून गडद चवीकडे जातो. मैफलीत गवई आलापीने सुरुवात करून हळूहळू लय वाढवतो, तसेच हे.

प्रथम बहुधा पांढऱ्या मांसाचे मासे येतात. आपल्या लेप्यासारखा चपटा 'हिरामे' किंवा गुलाबी झाक असलेला 'ताई'. या ताईला शुभप्रसंगी विशेष मान आहे. कारण 'मेदेताई', म्हणजे मंगलमय, या शब्दाशी तिचा यमक जुळतो. मग म्हाकूळ, कोळंबी. त्यानंतर चकाकत्या कातडीचे मासे. बांगड्याच्या कुळातला 'साबा' आणि तारलीच्या जातकुळीतला छोटा 'कोहादा'. कोहादा हा स्वस्तातला, काटेरी मासा. पण त्याला मीठ किती वेळ आणि शिरका किती वेळ लावायचा, हे त्याच्या आकारावर, चरबीवर आणि हवेवर ठरते. म्हणून दुकानाची पारख करायची तर कोहादा खाऊन पाहा, असे म्हणतात. महागड्या माशाची चव समुद्र देतो, कोहादाची चव हात देतो!

मध्यावर ट्यूना येतो, तोही तीन रूपांत. लाल मांसाचा 'आकामी', मध्यम चरबीचा 'चुतोरो' आणि पोटाकडचा, लोण्यासारखा विरघळणारा 'ओतोरो'. गंमत अशी की, आज सर्वांत महाग असलेल्या या चरबीदार भागाला एदोकाळात कोणी विचारीत नसे, कारण चरबीमुळे तो टिकत नसे. पुढे सी-अर्चिनची केशरी गाभोळी, मग मऊ शिजवून गोडसर रस माखलेली समुद्री वाम. शेवटी दुधीच्या जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्यांची गुंडाळी आणि अंड्याची वडी. ही वडी आली की, मैफलीची भैरवी झाली असे समजावे.

या यादीत सॅमन कोठे, असे कोणी विचारील. कच्चा सॅमन ही एदोची परंपरा नव्हेच. जपानच्या समुद्रातला सॅमन परोपजीवींच्या भीतीने कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतील सॅमनचा जपानमध्ये नेटाने प्रचार केला, तेव्हापासून तो सुशीवर चढला. जुन्या वळणाच्या दुकानांत तो आजही बहुधा आढळत नाही. तेव्हा न मिळाल्यास हिरमुसू नये.

पाहुण्याचे काम

'सर्व काही सोपवले' म्हणजे पाहुण्याने हात जोडून बसायचे, असे नव्हे. त्याचेही काम आहे आणि ते दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच सुरू होते. काय चालत नाही, कशाची अॅलर्जी आहे, हे आरक्षण करतानाच स्पष्ट सांगावे. भिडेपोटी गप्प राहून ऐनवेळी नाक मुरडण्यासारखा अपमान नाही; कारण ते साहित्य त्या दिवशी पहाटे आपल्या नावाने घेतलेले असते. एकसष्टी असेल, वाढदिवस असेल, तर तेही सांगावे. खर्चाची मर्यादा विचारण्यात आणि सांगण्यातही संकोच नको. विश्वास हा मौनावर नव्हे, खरे बोलण्यावर टिकतो.

वेळ कसोशीने पाळावी. आठ-दहा आसनांच्या दुकानांत अनेकदा सर्वांचे जेवण एकाच वेळी सुरू होते. एकाच्या उशिराने सर्वांचा भात निवतो. ऐनवेळी बेत रद्द केल्यास पूर्ण रक्कम आकारणारी दुकाने पुष्कळ आहेत. उग्र अत्तर लावून जाऊ नये; सुशीची निम्मी चव गंधात असते. फळी बहुधा 'हिनोकी' या मऊ लाकडाची असते, तिच्यावर चरे पडू नयेत म्हणून घड्याळ, बांगड्या, अंगठ्या जपाव्यात. छायाचित्र काढायचे तर आधी विचारावे.

सुशी समोर ठेवली की लगेच खावी, हा सर्वांत मोठा शिष्टाचार. कोमट भात आणि थंड मासा यांचा मेळ काही क्षणांचाच असतो. गप्पांच्या नादात पाच मिनिटे गेली, तर दहा वर्षांच्या तालमीवर पाणी पडते. ती हाताने खाल्ली तरी चालते. आपल्याला तर ते सोयीचेच! बऱ्याच ठिकाणी माशावर 'निकिरी' नावाचा सोया सॉसचा मुलामा आधीच दिलेला असतो. तेव्हा वेगळ्या सॉसमध्ये बुडवू नये. बुडवायचीच असेल तर माशाची बाजू टेकवावी, भाताची नव्हे. वासाबीही आतच लावलेली असते. तिखट नको असेल तर तसे सांगावे. गुलाबी किंवा पिवळसर आल्याच्या चकत्या दोन सुशींमध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी असतात, तोंडी लावणे म्हणून नव्हे.

भात जास्त होत असेल तर "भात थोडा कमी" असे सांगता येते, पोट भरले तर "पुरे" म्हणता येते. एखादी सुशी विशेष आवडली तर शेवटी पुन्हा मागावी. तिचे पैसे निराळे पडतात, पण बनवणाऱ्याचा चेहरा उजळतो. त्याचेही डोळे आपल्याकडे असतातच. गिन्झातील विख्यात सुशीकार जिरो ओनो (जन्म १९२५) यांच्यावरील २०११ च्या माहितीपटात याचे सुंदर दर्शन घडते. पाहुणा डावखुरा आहे हे ध्यानात येताच सुशी ठेवण्याची बाजू बदलते. सर्वांचे खाणे बरोबरीने व्हावे म्हणून घासाचा आकारही कमी-अधिक केला जातो. जपानमध्ये बक्षिशी देण्याची पद्धत नाही. निघताना "गोचिसोसामा देश्ता", म्हणजे 'जेवण उत्तम झाले, आभारी आहे', एवढे म्हटले की पावते.

कच्च्या माशाचे भय

आपल्या वाचकांच्या मनातली खरी शंका येथे आहे, आणि ती रास्त आहे. समुद्री माशांत 'अॅनिसाकिस' नावाचे बारीक कृमी असू शकतात. ते पोटात गेल्यास तीव्र वेदना होतात. शिरका, मीठ, वासाबी यांनी ते मरत नाहीत, हे ठामपणे सांगायला हवे. उणे २० अंश सेल्सियसला २४ तास गोठवणे किंवा नीट शिजवणे, हेच खात्रीचे उपाय आहेत. निष्णात इतामाए माशाचे पोट तत्काळ साफ करतो, मांस उजेडात बारकाईने तपासतो, आवश्यक तेथे गोठवलेला मासा वापरतो. धोका त्यामुळे खूप कमी होतो. शून्य होत नाही. म्हणूनच गर्भवती स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा व्यक्ती यांनी कच्चा मासा टाळावा. समारंभ त्यांच्यासाठीच असेल, तर बेतच निराळा करावा. परत आल्यावर हौसेने बाजारातला रावस आणून घरी कच्चा खाऊन पाहण्याचे धाडस तर कोणीच करू नये. तो मासा कच्चा खाण्यासाठी म्हणून हाताळलेलाच नसतो.

शाकाहारी मंडळींसाठी एक सावधगिरीची सूचना. काकडीची किंवा भोपळ्याच्या पट्ट्यांची सुशी दिसायला शाकाहारी असली, तरी जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला 'दाशी' हा रस बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढतात, आणि तो सूपापासून अंड्याच्या वडीपर्यंत सर्वत्र असतो. कडक शाकाहारी आई-वडिलांना आग्रहाने सुशीच्या फळीपुढे बसवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. त्यांच्यासाठी जपानच्या बौद्ध मठांतील 'शोजिन र्‍योरी' हे मांस-मासे वर्ज्य असलेले भोजन आहे. परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो!

पैसा कशाचा?

टोकियोत चांगल्या दुकानातील रात्रीच्या ओमाकासेला माणशी पंधरा-वीस हजार येन सहज पडतात. नामांकित ठिकाणी तीस-चाळीस हजार आणि त्याहूनही अधिक. त्याच दुकानात दुपारचे जेवण बरेच स्वस्त असते, हे प्रथमच जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. वृत्तपत्रांत झळकणाऱ्या लिलावाच्या आकड्यांनी मात्र बिचकू नये. जानेवारी २०१९ मध्ये २७८ किलोचा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. पण नववर्षाच्या पहिल्या लिलावाचा तो भाव प्रतिष्ठेचा आणि जाहिरातीचा असतो, रोजचा नव्हे.

नावाच्या मागे धावण्यातही अर्थ नाही. जिरो ओनो यांच्या दुकानाला मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे होते. २०१९ च्या अखेरीस ते मार्गदर्शिकेतून वगळले गेले, ते दर्जा घसरला म्हणून नव्हे, तर सर्वसामान्यांसाठी तेथील आरक्षण खुले राहिले नाही म्हणून. जेथे आपल्याला सहज जागा मिळते, जेथे आपले बोलणे समजून घेतले जाते, असे लहान दुकान पहिल्या अनुभवासाठी अधिक चांगले. हॉटेलच्या स्वागतकक्षातून आरक्षण करून घेतले तर भाषेची अडचणही दूर होते.

आणि ज्यांना स्वतः निवडण्यातच आनंद आहे, ज्यांच्यासोबत लहान मुले आहेत, त्यांनी खुशाल फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीला जावे. योशिआकी शिराइशी यांनी १९५८ साली ओसाकाजवळ असे पहिले दुकान काढले आणि सुशी पुन्हा सामान्यांच्या आवाक्यात आणली. मूळच्या गाडीवरच्या खाऊचा खरा वारसा कदाचित तेथेच आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

मग विशेष प्रसंगी ओमाकासेच का निवडावे? जपानमध्ये साठी पूर्ण होणे हा 'कानरेकी' नावाचा मोठा सोहळा असतो. साठ वर्षांचे कालचक्र पुरे करून माणूस पुन्हा जन्मवर्षापाशी येतो, अशी त्यामागची कल्पना. जुन्या जपानी गणनेनुसार ते एकसष्टावे वर्ष. आपल्या साठ संवत्सरांशी आणि एकसष्टीशी किती जुळते हे! त्या दिवशी ज्येष्ठाला लाल अंगरखा घालतात. लाल रंग तान्ह्या बाळाचा मानला जातो.

साठ वर्षे ज्याने घरासाठी निर्णय घेतले, बाजारहाट केला, मुलांच्या ताटात काय पडेल याची चिंता वाहिली, त्याने एक संध्याकाळ काहीही ठरवायचे नाही. एका जाणत्या माणसाने त्याच्याकडे पाहून, त्याच्यासाठी, एकेक घास घडवायचा आणि त्याने तो विश्वासाने घ्यायचा. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे सोपवलेले सांभाळले, त्याला एकदा तरी "सोपवले" म्हणता यावे, यापेक्षा चांगली भेट ती कोणती?